दोन जादा पाटे

कट्टा गावच्या तिठ्यावरून मालवणच्या अंगाला वळलं की डाव्या हाताला दाजी मेस्त्रींचं गॅरेज लागतं. त्याला पाटी नाही. ज्याला काम येत नाही तो पाटी लावतो, असं दाजींचं मत. अशी मतं त्यांच्याकडे पुष्कळ होती. कोल्हापूरचे मेकॅनिक म्हणजे रंगारी, कुडाळचे म्हणजे पाने फिरवणारे हमाल, आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडीबद्दल बोलणारा माणूस म्हणजे हॉर्न. दाबला की वाजतो, गाडी काही पुढे जात नाही. गाडी कशी बसली आहे, वळणावर कशी कलते, खड्ड्यातून कशी उठते, हे दाजींना पन्नास पावलांवरून कळायचं. कळलं की ते नाकाने एक बारीक आवाज करायचे, बस. त्या आवाजापुढे भल्या भल्या गाडीवाल्यांनी मान खाली घातली होती. चौसष्टाव्या वर्षीही तो आवाज खणखणीत होता.

डिसेंबरात एका सकाळी अजय मसुरकर भाईंची फियाट घेऊन आला, तेव्हा गाडी थांबायच्या आधीच दाजींनी तो आवाज करून ठेवला.

भाई मसुरकर म्हणजे अजयचे वडील. मालवणातले आंब्याचे व्यापारी, दोन वर्षांपूर्वी वारलेले. त्यांची ही हिरवट फियाट पन्नाशीला आलेली. मुलगा मुंबईला विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी दिव्या मालवणातच राहून वडिलांचा धंदा सांभाळते, आणि रोज फियाट चालवते तीच. पण गाडीबद्दल बोलायला आला होता अजय. चार दिवसांच्या रजेवर, उन्हाचा चष्मा डोक्यावर चढवून.

"दाजी, सस्पेन्शन अपग्रेड करायचंय," तो म्हणाला. "फेब्रुवारीत कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. गाडी वळणावर होडीसारखी कलते. हँडलिंग सुधारलं पाहिजे."

"काय करूचा म्हणतंस?"

अजयने डिकी उघडली. आत खोकी होती. त्याने एकेक उघडून बॉनेटवर मांडायला सुरुवात केली, जणू साखरपुड्याची ताटं. लाल रंगाच्या आखूड स्प्रिंगा. पिवळे शॉकअप, त्यांना खाली कडक-नरम करायची चकती. मागची बाजू खाली बसवायला लोखंडी ठोकळे. आणि चार रुंद टायर, इतके बुटके की रिमला काळी फीत गुंडाळल्यासारखे.

"शॉर्ट स्प्रिंग घातल्या की गाडी दोन इंच खाली बसते," अजय म्हणाला. "सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली गेला की गाडी रस्त्याला चिकटते."

"पाल पण भिंतीक चिकटता," दाजी म्हणाले. "तिचा सस्पेन्शन खंयचा?"

अजय हसला. त्याला वाटलं दाजी गंमत करताहेत. दाजी गंमत करत नव्हते. ते त्याच्या नखांकडे बघत होते. स्वच्छ, कापलेली, गुलाबी नखं. या नखांच्या माणसाने आपल्याला वळण म्हणजे काय ते सांगावं. भाई माणूस कसा होता, आणि त्याच्या पोटी हे काय आलं.

"पुढचो दांडो अडतलो ह्या स्प्रिंगांका," ते एवढंच म्हणाले.

दांडा म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी बार. गाडी वळणावर एका अंगावर झोपू लागली की तो पिळला जातो आणि तिला सावरून धरतो.

"मग काढून टाका की," अजय म्हणाला. "या स्प्रिंगा एवढ्या कडक आहेत की त्याची गरजच नाही. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय."

व्हिडिओत सांगितलंय म्हटल्यावर दाजींनी वाद सोडला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? या माणसाला समजावत बसणं म्हणजे आपली जीभ विटाळणं. "ठेव गाडी," ते म्हणाले. "सांगतंस तसा घालतंय."

दुसऱ्या दिवशी ते गाडीखाली शिरले. पुढचा दांडा सोडवला, भिंतीला उभा केला. लाल स्प्रिंगा दाबून बसवल्या. मग मागे सरकले आणि बॅटरीचा उजेड पाट्यांवर पडला, तेव्हा त्यांचा हात थांबला.

मागच्या ॲक्सलच्या दोन्ही अंगांना एकावर एक रचलेले, स्प्रिंगेचं काम करणारे पोलादी पाटे. कारखान्याने दिलेल्या पाट्यांच्या वर प्रत्येक बाजूला दोन जास्तीचे, जाड, वेगळ्या जातीचे. भंगारातल्या जीपचे. टोकं तिरकी कापलेली. तसं तिरकं कापायची सवय या तालुक्यात एकाच माणसाला होती.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. आंब्याचा हंगाम होता. भाई म्हणाले होते, "दाजी, पेट्यो घातल्यो की गाडी ढुंगणार बसता, काय तरी कर." तेव्हा त्यांनी हे पाटे कापून घातले होते. सात-आठ वर्षं ही फियाट टेम्पोसारखी राबली, मालवणातून कसालच्या हमरस्त्यापर्यंत पेट्या वाहत. पुढे भाईंनी खरा टेम्पो घेतला. पेट्या गेल्या, पाटे राहिले. गाडी दर वर्षी दाजींकडेच यायची, आणि दर वर्षी दाजी त्या पाट्यांना ग्रीस लावून बाहेर निघायचे. काढायला हवेत हे त्यांच्या मनात कधी आलं नाही. आपण घातलेली गोष्ट चुकीची असेल असा विचार करायची त्यांना सवयच नव्हती.

रिकाम्या गाडीखाली ते पाटे म्हणजे दगड. आजवर पुढचा दांडा होता म्हणून निभावलं होतं. आता तो भिंतीला टेकून उभा होता. पुढे धरणारं कुणी नाही, मागे चाकाला रस्त्याबरोबर वरखाली हलू न देणारा दगड, वर कडक शॉकअप. उतारावरच्या वळणावर ही गाडी शेपूट बाहेर टाकणार. हात पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात दाजींना हे सगळं कळलं.

आणि त्यांनी हात पुसले. टाकू दे शेपूट, त्यांनी मनात म्हटलं. एकदा गाडी हलली की ह्याची चड्डी पिवळी होईल, मग येईल मुकाट. सांगून कळत नाही त्याला रस्ता सांगतो. त्यांनी पाट्यांखाली ते लोखंडी ठोकळे बसवले, नट आवळले, बाहेर आले आणि चहा प्यायले.

दुपारी दिव्या आली. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, कमरेला ओढणी खोचलेली. गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून मोजपट्टी काढून चाकाच्या वरची जागा मोजली आणि खाली वाकून बघितलं. दाजींना ती मोजपट्टी बघूनच वैताग आला. भावाकडे मोबाइल, बहिणीकडे मोजपट्टी. शिवणकाम चाललंय जणू.

"दाजी, ही मागसून उडता," ती म्हणाली. "रिकामी आसली की जास्तच. मागे पाटे किती आसत?"

"आसत तेवढे आसत."

"बाबांच्या गाडयेच्या पुस्तकात लिवले आसत तेच्यापेक्षा दोन जास्त दिसतत. मी मोजलंय. ते काढूक नको?"

दाजींनी नाकाने आवाज केला. "पुस्तकान गाडी चलता काय गो? तू वरसून चालव. खाली काय आसा ता मी बघतंय."

तिने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाली, "बरां. तुमका म्हायत आसतला," आणि गाडी घेऊन गेली.

तिठ्यावर फियाट वळली तेव्हा दाजी दारात उभे होते. मागचं आतलं चाक वळता वळता किंचित उचललं. त्यांना ते दिसलं. ते आत जाऊन दुसऱ्या कामाला लागले.

पुढे दोन महिने गाडी गावात हळूहळू फिरली. स्पीडब्रेकरवर पोट घासायची, रुंद टायर मडगार्डला लागून करकरायचे, आणि तो करकराट ऐकून दाजींना बरं वाटायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मुंबयसून शाणपण इला, ता वाजता."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी संध्याकाळी अजयचा फोन आला.

"दाजी, कोल्हापूरहून येताना गाडी घाटात गटारात गेली. डोंगराच्या बाजूला, नशीब. मी ठीक आहे. दिव्याचा हात मोडलाय मनगटात. तीच चालवत होती." मग जरा थांबून तो म्हणाला, "रस्त्यावर वाळू होती बहुतेक. गाडी अशी गर्रकन फिरली."

 फोन बंद झाला तरी दाजींच्या कानाला तसाच होता. काशीबाई, त्यांची बायको, माजघरातून विचारत आल्या, "कायते झाला?"

"भाईंच्या चेडवाचो हात मोडलो."

"कसो?"

दाजींनी फोन खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांना एखाद्या मोडतोडीचं कारण विचारावं आणि त्यांनी सांगू नये, असं झालं नव्हतं. इथे तर कारण तोंडपाठ होतं. गाडी हलेल, अजयची भंबेरी उडेल, हे चित्र त्यांनी मनात किती तरी वेळा बघितलं होतं आणि मजेत बघितलं होतं. त्या चित्रात स्टेअरिंगवर नेहमी अजय होता. रोज गाडी कोण चालवतं हे आपल्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मोजपट्टी घेऊन कोण आलं होतं, तेही.

मंगळवारी मोडकी फियाट त्यांच्याच दारात आणून ठेवली गेली. डावं मडगार्ड चेपलेलं, एक चाक आत वळलेलं. बुधवारी सकाळी दाजी धुतलेला सदरा घालून एसटीने मालवणला गेले.

दिव्या पडवीत बसली होती. हाताला प्लास्टर, पुढ्यात काजूच्या बियांचा ढीग, एका हाताने निवडत. अजय परत मुंबईला गेला होता. तिने दाजींना खुर्ची दाखवली. दाजी बसले नाहीत.

"दिव्या, वाळयेचा काय नाय," ते म्हणाले. "मागे दोन पाटे जादा आसत. भाईंच्या वक्ताक मीच घातलेले. पुढचो दांडो काढलंय तेवाच माका कळलेला, ही वळणार शेपूट टाकतली म्हणान."

तिचा बिया निवडणारा हात थांबला. "कळलेला?"

"होय."

"मगे मी येवन विचारलंय तेवा?"

"तेवाय म्हायत होता."

 ती रागावली असती तर दाजींना सोपं गेलं असतं. रागावलेली गिऱ्हाइकं त्यांनी पुष्कळ बघितली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि ती नजर दाजींच्या ओळखीची होती. फुटलेला नट उजेडात धरून ते स्वतः असंच बघायचे, हा आता कशाला कामाचा नाही असं.

"अजयाक कळणा नाय," ती शेवटी म्हणाली. "रंगीत काय दिसला की तो भुलता, ता आमच्या आवशीकय म्हायत आसा. तेचेर मी राग कित्याक करू? तुमका कळत होता. कळान गप रवलात. तुमका वाटला, ह्येंका जरा शिकांदेत."

दाजींनी मान हलवली.

"मगे माझो हात मोडान अजय काय शिकलो? तो अजून वाळूच म्हणता."

 दाजी जायला वळले, तेव्हा ती मागून म्हणाली, "गाडी तुमच्याकडेच रवांदेत. दुसऱ्याकडे न्हेलंय तर सगळा पयल्यापासून सांगूचा लागतला. काय घालूचा ता मी ठरयतलंय. तुमी घालूचा. आणि मी विचारलंय तर तोंडान सांगूचा. नाकान नाय."

घरी आल्यावर काशीबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

"कामाक लावल्यान माका."

"बरां केल्यान," काशीबाई म्हणाल्या आणि भात उतरवायला गेल्या.

दिव्या दर दोन-तीन दिवसांनी यायची. गॅरेजात स्टूल टाकून बसायची. चहा विचारला तर नको म्हणायची. पहिल्याच दिवशी तिने लाल स्प्रिंगा काढायला लावल्या आणि जुन्या, पूर्ण लांबीच्या परत घालायच्या ठरवल्या. "आमच्या वाटा कसल्यो आसत? दगड, खड्डे, दर शंभर पावलांर स्पीडब्रेकर. चाक वरखाली जावक जागा नको? गाडी रस्त्याक चिकटूक व्हयी तर चाक हलांदेत." दाजींना हे चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मात्र ही पहिली वेळ.

पुढचा दांडा परत जायचा होताच. तिने थोडा जाड बघायला सांगितला. दाजींनी विचार केला, नाकाकडे निघालेला श्वास आवरला आणि सांगितलं, "जाड नको. जुनोच बरो आसा. तेचे रबर गेलेले म्हणान तो अर्धाच काम करी होतो. होडयेसारखी कलता म्हणी होतो ना अजय, ता तेच्यामुळा. रबर नवे घालूया."

"म्हणजे पयल्यापासून नुसते रबर बदलले आसते तर?"

"तर अर्धी गाडी सुदारली आसती."

तिने वहीत लिहिलं. पुढे प्रत्येक वेळी ती विचारायची आणि दाजी सांगायचे. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनमध्ये ढिलाई होती, ती काढली. सांध्यांत बसणारे बुश कसले घालायचे यावर एक अख्खी दुपार गेली. कडक प्लास्टिकचे वळणावर चांगले, पण अंगात कंप आणतात. रबराचे दमानं घेतात, पण लवकर झिजतात. शेवटी तिने पाट्यांना रबर ठरवलं. पिवळे शॉकअप दाजींनी फेकायला काढले होते. ती म्हणाली, "थांबा, चकती नरम करून बघा." पुढचे दोन नरम केल्यावर चालण्यासारखे निघाले, मागचे नाहीत. दाजींना हे सुचलं नव्हतं, कारण अजयच्या खोक्यातून आलेलं काही कामाचं असेल असं त्यांनी धरलंच नव्हतं. रुंद टायर आणि मागचे लोखंडी ठोकळे मात्र गेले.

राहिले मागचे पाटे.

"दोनय काढा," दिव्या म्हणाली.

"एक काढूया. दोनय काढलंव तर चार माणसा बसली की मागसून टेकतली."

"दोनय."

दाजींनी दोन्ही काढले. तिने एप्रिलमध्ये गाडी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणली. मागे आई, मावशी आणि नारळांची दोन पोती घेऊन चौके गावाला जाताना स्पीडब्रेकरवर गाडी दाणकन आदळली होती.

"माझा चुकला," ती म्हणाली. "एक घाला."

एवढंच. ना लाजणं, ना कारणं. दाजी गाडीखाली पाटा बसवताना बराच वेळ त्या दोन शब्दांवर अडून राहिले. ते उच्चारायला तिला काहीच कष्ट पडले नव्हते. दाजींनी ते भाईंचा टेम्पो आला तेव्हापासून गिळून ठेवले होते.

मे महिन्याच्या सुरुवातीला दिव्या फियाट घेऊन गॅरेजसमोर थांबली. "बसा. घाटात जावन येवया."

कसाल मागे पडलं. फोंड्याच्या पुढे चढ लागला. ती वरपर्यंत गेली, गाडी फिरवली आणि उतरायला लागली. दाजींचे दोन्ही हात सीटच्या कडेला घट्ट होते. गटाराच्या बाजूला दगडाची कड खरवडलेली एक जागा आली. ती तिकडे न बघता, त्याच वेगात, त्या वळणात शिरली. गाडी थोडी कलली, टेकली, आणि मागचं चाक दोरी धरल्यासारखं पुढच्याच्या मागून आलं.

"बरी बसली," दाजी म्हणाले.

"आत्ता बोलू नकात, दाजी. पुढे ट्रक आसा."

फोंडाघाटच्या बाजारात ती चहाला थांबली. शेजारच्या बाकड्यावर राधानगरीकडचा एक जीपवाला बसला होता. तो घाटात त्यांच्या मागेच होता. फियाटभोवती फिरून, खाली वाकून बघून तो म्हणाला, "लई नेटकी वळतीया की गाडी. सस्पेन्शन कुणी केलंय?"

"ठरवलं मी," दिव्या म्हणाली. "बसवलं यांनी."

जीपवाला दाजींकडे वळला. "मागं एक पाटा जादा दिसतोय, मेस्त्री."

"होय. आधी दोन होते," दाजी म्हणाले. "दोनांनी मागची बाजू मोकळी सुटायची."

"दोन कुणा शहाण्यानं घातलं होतं?"

दाजींनी कप खाली ठेवला. "मी."

जीपवाल्याला ती चेष्टा वाटली. तो मोठ्याने हसला आणि आपल्या जीपकडे गेला. दिव्या हसली नाही. तिने चहा संपवला, डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने जरा दाबलं आणि उठली.

"कसालपर्यंत तुमी चालवा," ती म्हणाली. "माझो हात दुखता अजून."

दाजी स्टेअरिंगवर बसले. गाडी हलली तशी ती खिडकीबाहेर बघू लागली, पण बाजार संपल्यावर एकदा म्हणाली, "तुमच्या बाजूक खड्डो आसा," आणि दाजींनी तो चुकवला.